जँगोमध्ये टेस्ट लिहायला सुरुवात कुठून करावी?

पानउलटी:
ग्रंथालयाचं छोटं अॅप आहे, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर. साइट चालू आहे, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारा कोड) मात्र एकही नाही. उशिराचा दंड रोज २ रुपये, जास्तीत जास्त ५० असा नियम. त्याला हात लावला की भलतंच काहीतरी मोडतं. 'लेट_फी_टेस्ट.पीवाय' अशी फाइल केली, तर 'मॅनेज.पीवाय टेस्ट' शून्य टेस्ट दाखवतं. सरळ सेलेनियमच (ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं साधन) घ्यावं का?

अर्धविराम:
आधी फाइलचं नाव बदला. रनर (टेस्ट शोधून चालवणारा भाग) 'टेस्ट' या शब्दाने सुरू होणाऱ्याच फाइली शोधतो. तुमच्याकडे तो शब्द शेवटी आलाय. 'टेस्ट_लेट_फी.पीवाय' करा. मेथडचंही तेच: नाव 'टेस्ट'ने सुरू झालं नाही तर ती गुपचूप वगळली जाते, एररसुद्धा येत नाही. पुढे 'टेस्ट्स' फोल्डर केलंत तर त्यात '__इनिट__.पीवाय' ठेवा आणि 'स्टार्टअॅप'ने (नवं अॅप बनवणारी कमांड) दिलेली 'टेस्ट्स.पीवाय' उडवा. दोन्ही शेजारी राहिले की इम्पोर्टचा घोळ ठरलेला.

सेलेनियम तूर्त राहू द्या. दंडाचा हिशोब व्ह्यूमधून (पानाची विनंती हाताळणारा कोड) काढून वेगळ्या फंक्शनमध्ये टाका, त्याला देय तारीख आणि परतीची तारीख अशा दोनच गोष्टी द्या. डेटाबेस लागत नाही, म्हणून 'सिंपलटेस्टकेस' (जँगोचा डेटाबेसविना टेस्ट क्लास) पुरतो. मग कडेकडेच्या केसेस: त्याच दिवशी परत, ० रुपये. १ दिवस उशीर, २. २५ दिवस, ५०. २६ दिवस, तरी ५०च. आणि ३ दिवस आधी परत केलं तर ०. उणे ६ नाही! ही शेवटची केस बहुतेक जण विसरतात आणि सभासदाच्या खात्यात ग्रंथालयच देणं लागतं.

टेस्ट पास झाली की फंक्शनमधला ५० मुद्दाम ६० करून बघा. टेस्ट तरीही हिरवीच राहिली तर ती काहीच तपासत नाहीये.

पानउलटी:
त्या पाचही चालल्या, आभार. आता व्ह्यूसाठी 'टेस्टकेस' (डेटाबेस वापरणारा टेस्ट क्लास) वापरला तर 'परमिशन डिनाइड टू क्रिएट डेटाबेस' येतंय.

खिडकीजवळ:
जँगो खऱ्या डेटाबेसला हात लावत नाही, 'टेस्ट_' लावून वेगळा बनवतो आणि शेवटी पाडतो. तुमच्या पोस्टग्रेस युजरला तो हक्क नाही. सुपरयुजरने 'ऑल्टर युजर अमुक क्रिएटडीबी' चालवायचं. फक्त डेव्हलपमेंट मशीनवर, प्रॉडक्शनवर नको. दर वेळी मायग्रेशन (टेबलं बनवणाऱ्या पायऱ्या) चालून वेळ जात असेल तर '--कीपडीबी' लावा, म्हणजे टेस्टचा डेटाबेस पाडला जात नाही.

व्ह्यूच्या पहिल्या तीन टेस्ट अशा: लॉगिन नसताना 'माझी पुस्तकं' उघडलं तर लॉगिनच्या पानाकडे रीडायरेक्ट, स्वतःची नोंद उघडली तर २०० (पान मिळालं), आणि दुसऱ्या सभासदाची नोंद यूआरएलमधला आकडा बदलून उघडली तर ४०४ (सापडलं नाही). तिसरीला सर्वात जास्त किंमत आहे. लॉगिनसाठी 'क्लायंट.फोर्स_लॉगिन' वापरा, ते पासवर्ड तपासत नाही; पासवर्ड हॅशिंग मुद्दाम संथ ठेवलेलं असतं, शंभर टेस्टमध्ये ते जाणवतं. सभासद, पुस्तकं वगैरे 'सेटअपटेस्टडेटा'त बनवा. ते क्लासमागे एकदाच चालतं, 'सेटअप' प्रत्येक टेस्टआधी.

एक खोच: टेस्टमध्ये 'डीबग' (चुकांचा तपशील दाखवणारं सेटिंग) नेहमी फॉल्स असतं, सेटिंगमध्ये काहीही लिहा. स्टॅटिक फाइलींसाठी (सीएसएस, चित्रं वगैरे) मॅनिफेस्टवालं, म्हणजे फाइलींची यादी ठेवणारं, स्टोरेज असेल तर 'मिसिंग स्टॅटिकफाइल्स मॅनिफेस्ट एंट्री' येईल. टेस्टपुरतं साधं स्टोरेज लावा.

रात्रपाळी:
दंडाच्या बाबतीत तारखेचा सापळा सांगायचा राहिला. 'टाइमझोन.नाऊ().डेट()' यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) तारीख देतं. आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात ती कालची असते, म्हणजे दंड २ रुपयांनी कमी. दिवसा लिहिलेल्या टेस्ट कधीच फेल होणार नाहीत. सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता' ठेवा आणि 'टाइमझोन.लोकलडेट()' वापरा. टेस्टमध्ये घड्याळ रात्री १ वाजता थांबवायला 'मॉक'चा 'पॅच' (खऱ्या फंक्शनच्या जागी तात्पुरतं खोटं ठेवणारं) चालेल.

अर्धविराम:
बरोबर. शिवाय आठवणीचा ईमेल 'ऑन_कमिट'मधून (डेटाबेसातले बदल पक्के झाल्यावरच चालणारा कोड) जात असेल तर 'टेस्टकेस'मध्ये तो जाणारच नाही, कारण प्रत्येक टेस्टचं ट्रान्झॅक्शन शेवटी रोलबॅक होतं (बदल मागे घेतले जातात). जँगो ३.२ पासून 'कॅप्चरऑनकमिटकॉलबॅक्स' आहे, त्याला 'एक्झिक्यूट=ट्रू' द्या आणि मग 'मेल.आउटबॉक्स'मधले (टेस्टमध्ये पाठवलेले ईमेल इथे जमतात) ईमेल मोजा.