अडतं ते प्रयोगशाळेत

अमली पदार्थांचे खटले तुंबलेत, तर न्यायाधीश वाढवा, असं बहुतेक जण म्हणतात. वाढवावेतच. पण माझ्या मते खरा खोळंबा कोर्टाच्या दाराबाहेर आहे. पुडीत नेमकं काय आहे, हे रासायनिक अहवालाशिवाय सहसा सिद्ध होत नाही. तो येईपर्यंत तारखा पडत राहतात, आणि आरोपी कित्येकदा तोवर कोठडीतच असतो. इथे न्यायाधीश दुप्पट करून काय साधणार?

बरं, नुसती घाईही महागात पडते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी प्रयोगशाळेतल्या एका रसायनतज्ज्ञ बाईंचा उरक सहकाऱ्यांच्या कितीतरी पट होता. त्या नमुने न तपासताच निष्कर्ष देत होत्या, हे २०१२ मध्ये उघड झालं. २०१७ मध्ये २१ हजारांहून जास्त खटले रद्द झाले. त्यात शिक्षा भोगून आलेली माणसंही होती, त्यांची वर्षं कोण परत देणार?

म्हणून तज्ज्ञ आणि उपकरणं आधी वाढवा, आणि वापरापुरतं बाळगणाऱ्याला टोळीवाल्यांच्या रांगेतून बाहेर काढा. पोर्तुगालने २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा फौजदारी गुन्ह्यातून वगळला. अशी व्यक्ती न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या समितीपुढे जाते. अमेरिकेतल्या मायामीत १९८९ मध्ये सुरू झालेलं, व्यसनी आरोपीला तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवणारं उपचार-न्यायालय मला माणुसकीचं वाटतं, पण त्याने न्यायाधीशाचा वेळ वाचेल असं धरून चालू नका. तिथे एकेका माणसाला पुन्हा पुन्हा समोर बोलावून त्याची प्रगती पाहावी लागते.