मदत हवी आहे: घोटघोट घोटलं तरी रंग बदलत नाही (मंगळवारी दाखवायचंय!)

तिसरा_बाक:
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे. स्फटिक घोटले की रंग बदलायला हवा. तीनदा केलं, दहा-दहा मिनिटं, हात भरून आले. रंग जैसे थे. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

निवृत्त_रसायन:
कुठले स्फटिक? डॉक्टरकडे जाऊनही "दुखतंय" एवढंच सांगता का?

तिसरा_बाक:
सॉरी सर. एव्होबेंझोनचं बोरॉन डायफ्लुओराइड. २०१०चा व्हर्जिनिया विद्यापीठाचा पेपर आहे ना, तेच.

रत्नपारखी:
एव्होबेंझोन सनस्क्रीनमध्ये असतं ना? माझ्या अंगठीतला पुष्कराज फिका पडलाय, मी रोज सनस्क्रीन लावते. त्यामुळे असेल का?

चुंबक:
हे सोडा, कॉपर मॉलिब्डेट करा. हिरव्याचं तपकिरी-लाल होतं, साध्या उजेडात दिसतं. यूव्ही टॉर्चची भानगडच नाही.

निवृत्त_रसायन:
खलात? त्याला हजारो वातावरणांचा दाब लागतो. पोराचा खांदा निखळेल.

चुंबक:
थोडा टंगस्टन घातला की बराच कमी दाब पुरतो. आणि तुमच्या त्या पदार्थाचा रंग बदलतच नाही मुळी, नुसती चकाकी बदलते.

निवृत्त_रसायन:
चकाकी भांड्याला असते. यूव्हीखाली पदार्थ स्वतः उजळतो, त्याला प्रतिदीप्ती म्हणतात.

साखरभात:
अंधारात खडीसाखर पकडीने फोडून बघा, निळसर ठिणगी दिसते! फ्रान्सिस बेकनने सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय.

निवृत्त_रसायन:
ते फुटताना उजेड पडणं झालं, रंग बदलणं नव्हे. असो. बाळा, बघतोस कशाखाली? आणि घोटल्यावर काय केलंस ते सगळं सांग.

तिसरा_बाक:
३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च आहे. घोटल्यावर वेगळं काय करणार? पावडर खलाला चिकटते, म्हणून थोडं डीसीएम (डायक्लोरोमिथेन, विरघळवणारा द्रव) टाकून काढली, सुकवली, कुपीत भरली. मग बघितली.

रात्रपाळी_लॅब:
तिथेच माशी शिंकली! घोटल्यावर रेणूंची रचना विस्कटते, म्हणून पिवळा उजेड येतो. तू ते डीसीएममध्ये विरघळवून परत सुकवलंस, म्हणजे रेणू पुन्हा शिस्तीत बसले. तीनदा केलंस आणि तीनदा पुसलंस. खल ठेव बाजूला. बटर पेपरवर पातळ थर पसरव, स्पॅच्युलाने ओरखडा काढ आणि अंधारात लगेच बघ. ओव्हनमध्ये तर मुळीच ठेवू नकोस, गरम केलं की आणखी पटकन पूर्ववत होतं.

तिसरा_बाक:
आलं!!! थर हिरवट-निळा आणि रेघ चक्क पिवळी. पण जेवून आलो तर रेघ जरा फिकट वाटतेय. मंगळवारपर्यंत टिकवू कशी?

रात्रपाळी_लॅब:
टिकवतोस कशाला? आपोआप परत जातं हीच तर त्या पदार्थाची गंमत. कोरा थर घेऊन जा, रेघ सरांनाच ओढायला लाव.

चुंबक:
मॉलिब्डेट केलं असतं तर एव्हाना झालं असतं.

रत्नपारखी:
पुष्कराजाचं कुणीच सांगितलं नाही.