मदत हवी आहे: निर्वातात नायटिनॉलची तार लांबली, पॅनेल पूर्ण वळत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही शेवटच्या वर्षाची पाच मुलं क्यूबसॅटसाठी (छोट्या, डब्यासारख्या उपग्रहासाठी) सूर्याकडे वळणारं सौर पॅनेल करतोय. मोटर-गिअरचं वजन नको म्हणून नायटिनॉलची (निकेल-टायटॅनियमच्या, तापवलं की आखडणाऱ्या मिश्रधातूची) तार घेतली: ०.१५ मिमी जाड, १५० मिमी लांब. वीज सोडली की ती तापते, ९० अंश सेल्सिअसच्या आसपास आखडते आणि ५ मिमी त्रिज्येच्या पुलीवरून पॅनेल ६० अंश फिरवते. वीज बंद केली की स्प्रिंग त्याला मागे आणते. टेबलावर वळायला एक सेकंद, परतायला तीन. आम्ही खूश होतो.

मग व्हॅक्यूम चेंबरमध्ये लावलं. प्रवाह तोच, ०.४ अँपिअर. परतायला सव्वा मिनिट! आणि चाळीस फेऱ्यांनंतर पॅनेल ५३ अंशांवरच थांबायला लागलं. काचेतून पाहिलं तर गार झालेल्या तारेला झोळ पडलेला. क्रिंप (तारेचं टोक दाबून धरणारी नळी) सरकला असेल म्हणून बघितलं, पण शाईची खूण जागच्या जागी. म्हणजे तारच लांबली.

हिशेब केल्यावर धसकाच बसला. तारेत जवळपास १.३ वॅट जातायत. हवा नसताना ९० अंश सेल्सिअसवरची तार, अगदी काळीकुट्ट धरली तरी, ०.०७ वॅटच बाहेर टाकू शकते. पॅनेल पोचल्यावरही आमचा प्रवाह अर्धा सेकंद चालू राहायचा. तेवढ्यात तार आणखी सत्तर-ऐंशी अंशांनी तापत असणार.

परतायला वेळ लागतो याचं मला काही वाटत नाही. ५०० किमी उंचीवर पृथ्वीभोवतीची एक प्रदक्षिणा ९४ मिनिटांची असते, सूर्याची दिशा मिनिटाला चारेक अंशच बदलते. काळजी आहे ती प्रत्येक प्रदक्षिणेला एक, म्हणजे वर्षाला साडेपाच हजार फेऱ्यांची. १९९७ मध्ये मंगळावर नासाच्या सोजर्नर या छोट्या गाडीच्या एका सौरघटावरची काच अशाच तारेने सरकवली होती, पण तिथे विरळ का होईना हवा आहे.

तार आखडताना तिचा रोध उतरतो. तो मोजून वेळेवर प्रवाह तोडणारं सर्किट कुणी केलंय का? इतक्या बारीक तारेत सर्किटमधल्या विद्युत गोंगाटातून तो फरक नीट कळतो का? स्प्रिंगऐवजी समोरासमोर दोन तारा लावायचं सरांनी सुचवलंय, पण पहिली गार व्हायच्या आत दुसरी ओढायला लागली तर दोघींची रस्सीखेच होईल, अशी मला भीती आहे. शिवाय तारेचं आखडणं लांबीच्या ३.५ टक्क्यांवरून २ वर आणायचं तर तार २६० मिमी हवी, आणि चौकटीत तेवढी जागा नाही. पुलीवरून दुमडून घेतली तर वळणाच्या जागी लवकर तुटेल का?

पुढची चेंबरची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली आहे. ज्यांनी ही तार हाताळली आहे त्यांनी कृपया सांगा, सर्किटचा फोटो टाकतो.