डिस्चार्जनंतरची दीड वर्षं

एकांनी लिहिलंय की आत्महत्येच्या प्रयत्नानंतर मुलगी हॉस्पिटलमधून घरी आली, हसते-बोलते, आता तो विषय काढू नये. नेमकं इथेच चुकतं. घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठपुरावा पद्धतीत म्हणूनच १८ महिन्यांत ९ वेळा संपर्क असतो: १, २, ४, ७, ११ आठवड्यांनी, मग ४, ६, १२ आणि १८ महिन्यांनी. पहिली अपॉइंटमेंट आठवड्याच्या आतली घ्या, तारीख-वेळ डिस्चार्जच्या कागदावरच लिहून. 'वाटलं तर या' म्हटलं की सहसा कुणी जात नाही.

गोळ्या आठवड्यापुरत्याच आणा, मोठ्यांच्या ताब्यात ठेवा. कीटकनाशकं कुलपात, शक्यतो घराबाहेर. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, तोवर 'काही फरक नाही' म्हणून सोडल्या जातात. सुरुवातीला बेचैनी वाढली, झोप उडाली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. परस्पर बंद करू नका.

सुरक्षा योजना, म्हणजे पुन्हा तसे विचार आले तर काय करायचं याचा कागद, तिच्याच शब्दांत हवी. 'मी जेवण टाळते, दार लावून बसते' ही खूण; मग काय करायचं, कुणाला फोन; खाली टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये. आईने सुवाच्य अक्षरात लिहून दिलेली योजना कपाटातच राहते!

आणि थेट विचारा, 'मरावंसं वाटतंय का?' विचारल्याने ते डोक्यात भरत नाही.

कॉलेज आधी अर्धा दिवस, तिने निवडलेल्या एकाच शिक्षकांना कल्पना देऊन. वर्गाला काय सांगायचं, ते तिनेच ठरवायचं.