मदत हवी आहे: पीपीच्या टर्मिनल कव्हरला व्ही-० कसा मिळवायचा? ज्योत विझते, पण खालचा कापूस पेटतो

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं छोटं इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट आहे. पॅनेल बनवणाऱ्या एका कस्टमरसाठी आम्ही वीजमंडळाच्या मीटरनंतर लागणाऱ्या पेट्यांची टर्मिनल कव्हरं काढतो. पीपी (पॉलिप्रोपिलीन) कोपॉलिमर, काळा रंग, भिंत १.६ मिमी, एका बाजूला पातळ हिंज (त्याच प्लॅस्टिकची वाकणारी बिजागरी) आणि समोर दोन स्नॅप (दाबून अडकणारे हूक). आजवर साध्या दाण्यात काम चालत होतं. आता ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली आहे आणि मटेरियलच्या रकान्यात 'यूएल ९४ व्ही-०, १.५ मिमी' असं लिहिलंय (यूएल ९४ ही प्लॅस्टिक किती जळतं ते बघणारी चाचणी, व्ही-० हा तिच्यातला व्ही-२ पेक्षा कडक दर्जा). खाली टिपेत 'ग्लो वायर ८५० अंश' (तापलेल्या तारेची चाचणी) आणि 'आरओएचएस' (घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा नियम).

मागणी मला मनापासून पटते. ही कव्हरं जुन्या इमारतींत जिन्याखालच्या बोर्डावर लागतात. स्क्रू सैल राहिला की टर्मिनल तापतं आणि त्याच्या सगळ्यात जवळ असतं आमचं प्लॅस्टिक. पीपीचा ऑक्सिजन इंडेक्स (जळत राहायला लागणारा किमान ऑक्सिजन, टक्क्यांत) १७-१८, हवेत ऑक्सिजन २१ टक्के. एकदा धरलं की ते आपणहून विझत नाही, वितळून गळत जळत राहतं. वर तोच एक जिना, माणसं उतरणार त्याच जिन्याने. त्यामुळे कागदापुरता व्ही-० मला नको आहे, खरा हवा आहे.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगतो. डीलरकडून ब्रोमिनवाला एफआर (अग्निरोधक) मास्टरबॅच, म्हणजे दाण्यात मिसळायचं दाट मिश्रण, आणला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे ८ टक्के हॉपरमध्येच मिसळून पीस काढले. कव्हरच्या लांब सपाट बाजूतून १३ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापल्या. मागच्या अंगणात, वारा आडवून, पट्टी उभी टांगली, खाली ३०० मिमीवर कापूस ठेवला आणि बर्नरची २० मिमी ज्योत १० सेकंद खालच्या टोकाला लावली. विझली की पुन्हा १० सेकंद.

ज्योत छान विझते, तीन-चार सेकंदांतच. पण विझण्याआधी टोक लोंबतं, त्याचा थेंब होतो आणि तो थेंब जळताजळताच सुटतो. कापसावर पडला की आधी पिवळा डाग, मग धूर, मग कापूस पेटतो. प्रत्येक पट्टीचं हेच. माझ्या समजुतीप्रमाणे वेळेच्या हिशेबाने आपण व्ही-० मध्ये बसतो (प्रत्येक वेळी १० सेकंदांच्या आत, पाच पट्ट्यांच्या दहा वेळा मिळून ५० च्या आत), पण कापूस पेटला म्हणजे व्ही-२.

डोस वाढवून पाहिला. थेंब कमी झाले, थांबले नाहीत. उलट स्नॅप दाबताना पांढरे पडायला लागले, हिंज थोड्याच उघडझापीत चिरायला लागली आणि पृष्ठभागावर चंदेरी रेघा आल्या. मोल्डच्या व्हेंटपाशी (हवा बाहेर जायच्या फटीपाशी) तपकिरी थर बसतोय, तो गंजाचा आहे की मटेरियलचा, ते कळत नाही.

तर प्रश्न असे. डोस आणखी वाढवत नेला तर थेंब थांबतील का, की हा रस्ताच चुकीचा आहे? हिंज ठेवून व्ही-० मिळतो का? टाल्क घातला तर थेंब धरून ठेवेल असं एकाने सुचवलं, ते बरोबर आहे का? आणि कव्हर साध्या पीपीत काढून वरून अग्निरोधक लेप मारणं कितपत खरं?

कृपया अनुभवातलं सांगा. मटेरियल विकणाऱ्यांचे फोन येऊन गेले आहेत.

प्रतिसाद, कंपाउंडिंगवाला:

दादा, तुम्ही आणलेला मास्टरबॅच बहुतेक व्ही-२ साठीचाच आहे. पीपीत थोडंसं ब्रोमिन आणि थोडं अँटिमनी ट्रायऑक्साइड घातलं की व्ही-२ सहज मिळतो, कारण तिथे थेंब हाच उपाय असतो. तापलेलं मटेरियल गळून जातं, उष्णता घेऊन जातं, वरची ज्योत विझते. म्हणजे थेंब पडावेत म्हणूनच तो बनवलाय, आणि तुम्ही त्याच्याकडून थेंब न पडण्याची अपेक्षा करताय.

म्हणून नुसता टाल्क घालू नका. व्ही-२ च्या मिश्रणात टाल्क गेला की वितळ घट्ट होते, गळत नाही आणि जागच्या जागी जळत बसते. आहे तो व्ही-२ सुद्धा जाईल. व्ही-० साठी सगळं गणितच वेगळं असतं: डेकाब्रोमोडायफेनिल इथेन वीस टक्क्यांच्या पुढे, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं अँटिमनी, आणि मग टाल्क चालतो, नव्हे लागतोच. काही जण थेंब धरायला अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पीटीएफई (टेफ्लॉन) घालतात. त्याचे तंतू ओढले गेले पाहिजेत, आणि ते ट्विन स्क्रूमध्ये (दोन स्क्रूच्या मिश्रण मशीनमध्ये) होतं. तुमच्या मोल्डिंग मशीनचा स्क्रू दाणे वितळवायला आहे, इतकं भरण सारखं पसरवायला नाही. एका पट्टीला जास्त, दुसरीला कमी असं होणार आणि पाचातली एक दगा देणार.

ब्रोमिन काम कसं करतं तेही लक्षात असू द्या. तापल्यावर हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो आणि ज्वाळेतली साखळी वायूतच तोडतो. हाच वायू बॅरल जास्त तापलं तर मशीनमध्येही सुटतो. तुमच्या चंदेरी रेघांमागे ओल असेल किंवा हा वायू. बॅरल २२० च्या आत ठेवून बघा, आणि जेवणाच्या सुट्टीत मटेरियल बॅरलमध्ये शिजत ठेवू नका. साध्या पीपीने पर्ज करून (बॅरल धुऊन काढून) मगच थांबवा. पट्ट्या जाळताना धुरात उभं राहू नका, हे मुद्दाम सांगतो.

आणि कस्टमरला विचारा, नुसतं आरओएचएस हवंय की हॅलोजनमुक्त (ब्रोमिन, क्लोरीन अजिबात नसलेलं)? आरओएचएसमध्ये पीबीबी आणि पीबीडीई या दोन ब्रोमिन कुळांना ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, सगळ्या ब्रोमिनला नाही. हॅलोजनमुक्त हवं असेल तर अमोनियम पॉलिफॉस्फेटवालं, फुगणारं मिश्रण घ्यावं लागेल. ज्योत लागली की ते पापडासारखं फुगून वर कोळशाचा थर धरतं आणि खालच्या मटेरियलला झाकतं. पीपीत साधारण २५ ते ३० टक्के लागतं. पण पावसाळ्यात ते ओल धरतं, वाळवल्याशिवाय चालवू नका.

प्रतिसाद, टूलरूम_अंबड:

हिंजबद्दल स्पष्टच सांगतो, इतकं भरण असलेल्या पीपीत पातळ हिंज टिकत नाही. हिंजचा सगळा जोर पीपीच्या साखळ्या वाकवताना ताणल्या जाण्यावर असतो, मध्ये चूर्णाचे कण आले की तिथूनच चीर सुरू होते. कव्हर दोन तुकड्यांत करा, गोल पिनची किंवा क्लिपची बिजागरी द्या. टूलमध्ये इन्सर्ट बदलावे लागतील, पण नाहीतर रिजेक्शनने मराल. श्रिंकेजही (थंड होताना आकसणं) साध्या पीपीपेक्षा कमी येईल, स्नॅपची बसणी पुन्हा बघा.

व्हेंटपाशी तपकिरी थर म्हणालात. कापडाने पुसून खाली खड्डे दिसतात का बघा. खड्डे असतील तर ब्रोमिनचं आम्ल पी२० ला (मोल्डच्या स्टीलला) खातंय. नवे इन्सर्ट गंज न धरणाऱ्या स्टीलचे घ्या, व्हेंट मोकळे ठेवा आणि पाळी संपली की मोल्डला गंजरोधक स्प्रे मारून बंद करा.

लेपाचं डोक्यातून काढा. पीपीवर रंग धरत नाही, आधी ज्योत फिरवावी लागते किंवा प्रायमर लागतो, आणि स्नॅप वाकला की लेप तडकणार.

किलोच्या भावावर कोटेशन देऊ नका. साध्या पीपीची घनता ०.९, व्ही-० ब्रोमिनवाल्याची १.३ च्या आसपास जाते. साचा तोच, म्हणजे पीसचं वजन चाळीस टक्क्यांहून जास्त वाढणार.

प्रतिसाद, लॅबताई:

दादा, एक गोष्ट आधी. व्ही-० हा कव्हरचा दर्जा नाही, मटेरियलचा आहे, तोही ठरावीक जाडीला. ३ मिमीला व्ही-० असलेला दाणा १.५ ला व्ही-२ निघू शकतो. त्यामुळे हॉपरमध्ये मिसळून अंगणात पास झालात तरी कस्टमरचा ऑडिटर ते धरणार नाही. यूएलचं यलो कार्ड (मटेरियलच्या दर्जाची अधिकृत नोंद) असलेला तयार ग्रेड घ्या. कार्डावर तीन गोष्टी बघा: जाडी १.५ किंवा कमी आहे का, तुमचा काळा रंग त्यात येतो का, आणि ग्राइंडिंगचा माल (टाकाऊ तुकडे दळून पुन्हा वापरलेला) किती चालतो. वेगळं काही लिहिलं नसेल तर २५ टक्क्यांपर्यंत, तोही तुमच्याच शॉपमधला.

शिवाय लॅबमध्ये पट्ट्यांचे दोन संच जळतात. एक २३ अंशांना ४८ तास ठेवलेला, दुसरा ७० अंशांना १६८ तास भाजून काढलेला. ताज्या पट्ट्या पास होऊन भाजलेल्या नापास होताना मी पाहिल्या आहेत.

ग्लो वायर मात्र प्रत्यक्ष कव्हरवर होते. ८५० अंशांची तार ३० सेकंद टेकवतात. तार काढल्यावर ३० सेकंदांत विझलं पाहिजे आणि खालचा टिश्यू पेटता कामा नये. तुमच्या सैल स्क्रूच्या काळजीला ही चाचणी जास्त जवळची आहे. तुम्हाला ती काळजी वाटते, हे वाचून बरं वाटलं.

धागालेखक:

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हेंट पुसून पाहिलं, बारीक खड्डे आहेत. कस्टमरशी बोललो; हॅलोजनमुक्तची अट नाही, आणि दोन तुकड्यांचं कव्हर चालेल म्हणाले, फक्त बाहेरची मापं बदलायची नाहीत. मास्टरबॅच बंद. यलो कार्डचा काळा ग्रेड ट्रायलसाठी मागवतोय. कव्हर काही ठिकाणी उघड्यावर लागतं, तर नेहमीचा यूव्हीचा मास्टरबॅच त्यात घालू का? आणि ताई, लॅबला पाठवताना पट्ट्या कापून पाठवायच्या की वेगळ्या मोल्ड करायच्या?

प्रतिसाद, कंपाउंडिंगवाला:

नेहमीचा घालू नका. साध्या यूव्ही मास्टरबॅचमधला अमाइन कुळातला स्थिरक ब्रोमिनच्या आम्लाशी भिडतो, दोघांचंही काम बिघडतं. शिवाय बाहेरून काही मिसळलं की कार्ड लागू राहत नाही. ग्रेड देणाऱ्यालाच बाहेर वापरायचा काळा प्रकार मागा.

प्रतिसाद, लॅबताई:

वेगळ्या मोल्ड करा. १२५ बाय १३ मिमी, १.५ जाडी, कडा गुळगुळीत, त्याच लॉटच्या दाण्यातून. दोन संचांना दहा लागतात, पण वीस तरी पाठवा. ग्लो वायरसाठी पूर्ण कव्हरं वेगळी बांधा, दोन्ही तुकडे बसवलेली. मराठवाड्याकडे जाणं होत असेल तर छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात सिपेट (प्लॅस्टिकची सरकारी संस्था) आहे. नाहीतर एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) यादीत पुण्यातली लॅब शोधा, आणि त्यांच्या स्कोपमध्ये नेमक्या या दोन चाचण्या आहेत ना, ते पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.