मदत हवी आहे: हाडातला संसर्ग पुन्हा उलटला आहे, पाय ठेवावा की काढावा?

पाणंद:
नमस्कार. हाडातला संसर्ग चौथ्यांदा उलटला आहे. दर वेळी हाड खरवडतात, सहा आठवडे प्रतिजैविके चालतात, जखम भरते, आणि आता सुटलो असे वाटू लागते तोच जुन्या व्रणावर लाल फोड येऊन फुटतो. गेल्या आठवड्यात ड्रेसिंग सोडताना पुवाबरोबर तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा बाहेर आला. पाय काढण्याचा पर्याय डॉक्टरांनी आता प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडला असून पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा आहे. ज्यांच्यावर ही वेळ आली होती त्यांनी पाय ठेवावा की काढावा एवढेच सांगावे.

रानवाट:
एवढ्या माहितीवर कोणीही उत्तर देऊ नये. कोणते हाड? संसर्ग अपघातानंतर झाला की मधुमेहाच्या जखमेतून? पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे का? धूम्रपान? कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, कोणता जंतू आला, आणि नमुना कुठून घेतला होता?

दुसरा_श्वास:
माझा पाय गुडघ्याखाली काढून सहा वर्षे झाली. त्याआधीची नऊ वर्षे मी पुवाच्या वासात काढली. आज कामावर चालत जातो. निर्णय लांबवू नका. गुडघा मात्र वाचवा, कारण तो गेल्यास कृत्रिम पायाने चालताना फार जास्त शक्ती खर्च होते. पहिले सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा उरलेला पाय बसवायचा साचा, महागडे घेऊ नका. उरलेला पाय सुरुवातीच्या महिन्यांत आकसतो आणि ते सैल पडते.

मैत्रेयी_२:
सॉकेटचा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. माझ्या यजमानांच्या नडगीतले मेलेले हाड काढून इलिझारोव्ह पद्धतीच्या कड्या, म्हणजे पायाबाहेरून तारांनी हाडाला जोडलेली वलये, बसवल्या होत्या. दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर, म्हणजे रोज १ मिलिमीटर हाड सरकवत ती पोकळी नव्या हाडाने भरून आली. पाय काढण्याआधी हे विचारलेच पाहिजे.

दुसरा_श्वास:
कड्या किती महिने होत्या, तारांच्या छिद्रांची रोजची सफाई कोण करत होते, हेही लिहा. एकट्या माणसाला ते झेपत नाही.

मैत्रेयी_२:
अकरा महिने, आणि सफाई मीच करत होते. अवघड होते हे मान्य आहे, पण पाय राहिला.

सदाफुली:
कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नियमित घ्या, हाड आपोआप भरून येईल.

रानवाट:
मेलेल्या हाडात रक्तच पोहोचत नाही, त्यामुळे गोळ्यांमधले काहीही तिथपर्यंत जात नाही. ते हाड शस्त्रक्रियेनेच काढावे लागते.

पाणंद:
डावी नडगी, अपघातातले उघडे फ्रॅक्चर. मधुमेह नाही, रक्तपुरवठा चांगला आहे, सिगारेट तेव्हाच सोडली. कल्चर दोनदा झाले, दोन्ही वेळा जखमेच्या तोंडावरचा पू कापसाने टिपून घेतला होता आणि जंतू वेगवेगळे आले. हाड जुळले आहे. फ्रॅक्चर जोडायला हाडात घातलेला धातूचा रॉड आतच आहे, पण त्याचा त्रास नाही म्हणून लिहिले नव्हते.

रानवाट:
हीच गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती. धातूवर जंतू चिकट थर करून राहतात आणि प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. रॉड तसाच ठेवून नुसते हाड खरवडले तर संसर्ग उलटण्याचीच शक्यता अधिक. हाड जुळले असताना रॉड का ठेवला आहे, हे डॉक्टरांना थेट विचारा, आणि हाडाच्या संसर्गाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या दुसऱ्या सर्जनचेही मत घ्या. वरवरच्या पुवात त्वचेवरचे जंतूही येतात, म्हणून नमुने शस्त्रक्रियेत खोल हाडातून, तेही चार-पाच जागांहून घ्यायला हवेत. त्याआधी साधारण दोन आठवडे प्रतिजैविके थांबवतात, मात्र डॉक्टरांनी सांगितले तरच. पुवाचे छिद्र अनेक वर्षे वाहत असेल तर त्याच्या कडेचा तुकडाही तपासून घ्या, कारण अशा जुन्या व्रणात क्वचित कर्करोग होतो.

पाणंद:
चार शस्त्रक्रिया झाल्या, पण रॉडबद्दल मला कोणी काही बोलले नाही आणि मीही विचारले नाही. उद्याच वेळ मागतो. औषध बंद असताना ताप चढला तर काय करायचे?

दुसरा_श्वास:
थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. संसर्ग रक्तात उतरलेला असू शकतो. आणि रॉड आत आहे हे ठाऊक असते, तर निर्णय लांबवू नका असे मी लिहिले नसते.