बैठका वाढल्या, तरी विभागांचे आणि पुरवठादारांचे सूत जुळत नाही. आधी काय तपासावे?

नियोजनकर्ता (प्रश्न)

आमची कंपनी यंत्रे बनवते. डिझाइन, खरेदी आणि उत्पादन हे आमचे तीन विभाग आणि सुटे भाग पुरवणाऱ्या दोन कंपन्या यांच्यात समन्वय राहावा म्हणून आम्ही साप्ताहिक बैठक सुरू केली, सामाईक फोल्डर केले, संदेशांसाठी गटही काढला. तरीही ड्रॉइंगमधील बदल पुरवठादाराला उशिरा कळतो, जुन्या मापाचा माल येऊन पडतो आणि दोष कोणाचा हे ठरवण्यात पुढची बैठक संपते. वैर कोणाचेच कोणाशी नाही. व्यवस्थापन आता एक महागडी सॉफ्टवेअर प्रणाली घेण्याच्या विचारात आहे. त्याआधी काय पाहावे?

जुना अभियंता

ड्रॉइंगमधील बदलाला अंतिम मंजुरी कोण देतो, हे तिन्ही विभागांतील एकेका व्यक्तीला स्वतंत्रपणे विचारून पाहा. तीन वेगळी उत्तरे आली, तर कोणतीही प्रणाली तोच गोंधळ अधिक वेगाने पसरवील.

साधने निरुपयोगी असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. एअरबसच्या ए३८० विमानात ५०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या तारा होत्या. हॅम्बुर्गमधील चमू डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होता आणि तुलूझमधील चमू नवी. तारांचे जुडगे प्रत्यक्ष बसवताना ते जागेवर पुरेनात, आणि २००६ मध्ये विमाने सुपूर्द करण्याचे वेळापत्रक पुन्हा पुन्हा पुढे ढकलावे लागले. दोन्हीकडे कुशल अभियंते होते. परंतु आवृत्ती एकच असली पाहिजे हे सर्वांवर बंधनकारक करणारा अधिकार वेळेवर वापरला गेला नाही, असे माझे मत आहे. त्यामुळे तुमच्याकडेही आधी तो अधिकार निश्चित व्हावा आणि मग प्रणाली निवडावी.

खरेदी विभागातून

वरील मुद्दा मान्य आहे, पण अधिकार ठरवूनही गाडी अडते, आणि त्याचे कारण बहुधा वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात सापडते. खरेदी अधिकाऱ्याची बढती दर किती कमी केला यावर, उत्पादन प्रमुखाची यंत्रे किती वेळ चालू राहिली यावर आणि डिझाइनरची नवे मॉडेल किती लवकर दिले यावर ठरत असेल, तर हे तिघे एकाच टेबलाभोवती बसूनही तीन वेगळ्या कंपन्यांसाठी काम करत असतात. मोठी मागणी एकदम नोंदवली की दर कमी मिळतो, म्हणून खरेदी विभाग तसे करतो. मग ड्रॉइंग बदलले की तोच साठा अंगावर पडतो, आणि त्याचा तोटा खरेदीच्या नव्हे, उत्पादनाच्या खात्यावर दिसतो. तुमच्याकडे येणारा जुन्या मापाचा माल याच वाटेने येत असावा, अशी मला दाट शंका आहे. वाया गेलेल्या मालाची रक्कम तिन्ही विभागांच्या मूल्यमापनात सारखी धरून पाहा. तक्रारी होतील, पण बदलाची सूचना त्याच दिवशी पोहोचू लागेल.

पुरवठादाराच्या बाजूने

दोन कंपन्यांमधील व्यवहारात याहून वेगळी अडचण असते: जोखीम कोणी घ्यायची? १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन सेकी या पुरवठादार कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि टोयोटाला लागणाऱ्या ब्रेकच्या एका लहानशा झडपेचा जवळजवळ सगळा पुरवठा थांबला. साठा अत्यल्प ठेवण्याच्या पद्धतीमुळे टोयोटाचे कारखाने बंद पडले. त्यानंतर कितीतरी पुरवठादारांनी, अगदी शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेही, ती झडप तयार करण्याचे काम हाती घेतले आणि साधारण आठवड्याभरात उत्पादन बरेचसे पूर्ववत झाले. ड्रॉइंग तत्काळ खुली करण्यात आली. पैशांचा हिशोब मागाहून झाला.

हे उदाहरण सांगून पुरवठादारांकडून निष्ठेची अपेक्षा करणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. ते विसरतात की त्या मदतीमागे अनेक वर्षांचा स्थिर व्यवहार होता. दरवर्षी निविदा काढून पुरवठादार बदलणाऱ्या ग्राहकासाठी रात्रभर यंत्र कोण चालवील? तुमच्या करारात, ड्रॉइंग बदलण्यापूर्वी तयार झालेल्या मालाचा खर्च कोणी सोसायचा, हे लिहिले आहे का?

नियोजनकर्ता

नाही. तो खर्च आजवर पुरवठादाराच्याच माथी गेला आहे. मंजुरीबाबतही डिझाइन आणि उत्पादन यांची उत्तरे वेगळी आली. ड्रॉइंगचे फोल्डर पुरवठादारांना थेट उघडून द्यावे का? ते एकमेकांचे स्पर्धक आहेत.

पुरवठादाराच्या बाजूने

संपूर्ण फोल्डर देऊ नये. प्रत्येकाला केवळ त्याच्या भागाचे चालू ड्रॉइंग दिसावे, जुनी आवृत्ती आपोआप बंद व्हावी, आणि गोपनीयतेचा करार आधी झालेला असावा. खर्चाचे कलम मात्र त्याहीपूर्वी बदला. बदल कळवताच सगळा भुर्दंड आपल्यावर येणार हे ठाऊक असलेला पुरवठादार, तयार माल किती पडून आहे याचा खरा आकडा तुम्हाला कधीच सांगणार नाही.